सर्व्हर कुणाच्या दारात? पोरांच्या खेळाचा पन्नास वर्षांचा इतिहास आणि आपली बार्शी लाईट

आजची पोस्ट लांब आहे. विषय पोरांच्या गेमचा आहे म्हणून कुणी पुढं सरकवू नका. शेवटी तुमच्याकडं एक काम पण मागणार आहे.

मागच्या आठवड्यात आमच्या गल्लीतली चार पोरं घरी आली. अकरावी-बारावीची. सगळ्यात पुढं माझा पुतण्या. हातात वहीचं पान, त्यावर पाच कंपन्यांची नावं आणि पुढं महिन्याचे दर. म्हणाला, "काका, तुम्ही पेपरवाले, तुम्हाला चौकशी करायला जमतं. यातला कुठला सर्व्हर घेऊ सांगा. गेल्या वेळेसारखं परत व्हायला नको."

गेल्या वेळी काय झालं ते आधी सांगतो. ही पोरं माइनक्राफ्ट खेळतात. ठोकळ्यावर ठोकळा ठेवून जग उभं करायचा खेळ आहे. लॉकडाऊनमध्ये यांनी वर्गणी काढून एक परदेशी सर्व्हर भाड्यानं घेतला. दीडेक वर्षं त्यात बार्शीच बांधत होते. भगवंत मंदिर बांधलं, पेठ बांधली, आणि सगळ्यात कष्टानं बांधलं ते बार्शी लाईट रेल्वेचं जुनं स्टेशन. या पोरांनी ती छोटी गाडी पाहिलेली नाही. यांतल्या एकाचे आजोबा रेल्वेत होते. ते खाटेवर बसून सांगायचे, इथं पाण्याची टाकी, इथं सिग्नल, इथं गार्डची खोली, आणि पोरं मोबाईलवर आणि एका जुन्या लॅपटॉपवर बांधत जायची. चुकलं तर आजोबा पाडायला लावायचे.

एके दिवशी सर्व्हर उघडेना. पैसे पुण्यातल्या एका दादाच्या कार्डावरून जात होते, ते कार्ड बदललं. सूचना आल्या त्या त्याच्या जुन्या मेलवर. मुदत संपली आणि कंपनीनं सगळं पुसून टाकलं. नाव नाही सांगत, कारण करारात तसं लिहिलेलंच होतं. वाचलं कुणी नव्हतं एवढंच.

पोरांवर हसायचा अधिकार मला नाही. आम्ही काही जणांनी मिळून चालवलेल्या साप्ताहिकाची वेबसाइट होती. सहा वर्षांच्या बातम्या त्यावर होत्या. दुष्काळ, नगरपालिका, बाजार समितीच्या निवडणुका, सगळं. छापील अंकाच्या फायली वाळवीनं खाल्ल्या, आणि वेबसाइटचं भाडं भरायचं कुणी ते ठरण्याआधीच तीही गेली. आज एखाद्या जुन्या ठरावाची तारीख कुणी विचारली तर मी डोकं खाजवत बसतो. म्हणून पोरांचा प्रश्न मला खेळाचा वाटला नाही. आपली गोष्ट दुसऱ्याच्या यंत्रावर ठेवायची असेल तर कुणाच्या आणि कशी, हा तो प्रश्न आहे. त्याला बराच इतिहास आहे. तो वाचत बसलो आणि तीन रात्री गेल्या.

सुरुवात इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात झाली. १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्यानं एक खेळ लिहायला घेतला आणि पुढं रिचर्ड बार्टलनं तो वाढवला. नाव मड, म्हणजे मल्टी-युजर डंजन. चित्रं नाहीत, सगळं अक्षरांत. 'उत्तरेला जा', 'दिवा उचल' असं टाईप करायचं. नवी गोष्ट अशी की एकाच वेळी अनेक जण त्याच जगात असायचे. हे जग होतं कुठं? विद्यापीठाच्या पीडीपी-१० या मोठ्या संगणकात. तो संगणक घेतला होता अभ्यासासाठी. बाहेरच्या लोकांना फोनवरून जोडून खेळायची परवानगी मिळाली, पण रात्री उशिरा, विद्यापीठाला यंत्र लागत नसे तेव्हा. म्हणजे जगातला पहिला गाजलेला असा सर्व्हर हा शेजाऱ्याच्या विहिरीसारखा होता. त्यांचं पाणी भरून झालं की तुम्ही भरा. फुकट होतं, पण हक्क काही नव्हता.

ऐंशीच्या दशकात अमेरिकेत कॉम्प्युसर्व्हसारख्या कंपन्यांनी असे खेळ आपल्या यंत्रांवर ठेवले आणि तासावर पैसे लावले. विहीर विकत झाली.

मग १९९३ च्या डिसेंबरात डूम आला. यात मधलं मोठं यंत्रच नव्हतं. एका खोलीतले चार संगणक वायरनं जोडा आणि एकमेकांना मारा. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक संगणक आपली प्रत्येक हालचाल जाळ्यातल्या सगळ्यांना ओरडून सांगायचा. त्यामुळं ऑफिसांची आणि कॉलेजांची जाळी तुंबली आणि काही ठिकाणी खेळावर थेट बंदीचे फतवे निघाले.

त्याच कंपनीनं, आयडी सॉफ्टवेअरनं, जून १९९६ मध्ये क्वेक आणला. त्यात आजच्या पद्धतीचा पाया पक्का झाला. एक यंत्र पंच, म्हणजे सर्व्हर. बाकी सगळे खेळाडू. कुणी गोळी मारली, कुणाला लागली, हे पंच ठरवणार. पण अडचण लगेच आली. घरून मोडेमवर खेळणाऱ्याचं बटण दाबलेलं पंचापर्यंत पोचायला आणि उत्तर परत यायला वेळ लागायचा. या जाण्या-येण्याच्या वेळेला पिंग म्हणतात आणि तो मोजतात मिलिसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात. कंपनीचा मुख्य प्रोग्रामर जॉन कारमॅक यानं डिसेंबर १९९६ मध्ये क्वेकवर्ल्ड काढलं. त्यात खेळाडूच्या संगणकानं पंचाच्या उत्तराची वाट न बघता आपली चाल अंदाजानं दाखवायची आणि नंतर पंचाशी जुळवून घ्यायची, अशी सोय होती. आज पोरं मोबाईलवर जे खेळतात त्यात हीच युक्ती आहे.

पण युक्तीनं अंतर मिटत नाही. ज्याच्या घरी सर्व्हर त्याचा पिंग जवळपास शून्य. बाकीचे मागं. आपल्याकडं गल्लीत ज्याची बॅट त्याला पहिली बॅटिंग, तसंच. म्हणून खेळाडूंच्या गटांनी वर्गणी काढून कुणाच्याच घरी नसलेला, चांगल्या लाईनवर बसवलेला सर्व्हर भाड्यानं घ्यायला सुरुवात केली. १९९९ मध्ये काउंटर-स्ट्राइक आल्यावर हा धंदाच झाला. किती खेळाडूंची जागा पाहिजे त्यावर महिन्याचं भाडं. गेम सर्व्हर होस्टिंग म्हणतात ते हेच.

त्याच काळातला एक धडा आहे, तो पोरांना मी दोनदा सांगितला. १९९६ च्या अखेरीस डायब्लो आला. त्यात आपल्या खेळाडूची सगळी कमाई, हत्यारं, सोनं, खेळाडूच्याच संगणकात साठवलेलं असायचं. झालं काय, लोकांनी ती फाईल उघडून हवं ते लिहून घेतलं. ज्याचं खातं त्याच्याच हातात वही, मग उधारी कोण लिहील? २००० साली दुसरा भाग आला तेव्हा कंपनीनं ती वही आपल्या सर्व्हरवर ठेवायची सोय केली. लबाडी आटोक्यात आली. पण त्या दिवसापासून आपली कमाई आपल्या घरात राहिली नाही. सोय आणि ताबा यांची ही अदलाबदल पुढं सगळीकडं होत गेली. फोटो, मेल, बँक, सातबारा, सगळ्यात.

आता आपल्याकडं येऊ. आपल्याकडं सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगममार्फत, मुंबईसारख्या महानगरांत. बार्शीत ते यायला वेळ लागला. दोन हजार सालानंतर आपल्या इथं नेट कॅफे निघाले ते आठवत असेल. तासाला वीस-तीस रुपये. दाराला पडदा, आत सहा संगणक. इंटरनेटचा वेग इतका की एक फोटो वरून खाली उतरेपर्यंत चहा पिऊन यावं. पण तिथं काउंटर-स्ट्राइक झकास चालायचा, कारण तो बाहेर जातच नव्हता. सहा संगणक एकमेकांना जोडलेले आणि कॅफेवाल्याच्या टेबलावरचा सातवा सर्व्हर. मी तेव्हा पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच परत आलो होतो आणि बातम्या मेल करायला तिथं बसायचो. शेजारी पोरांचा आरडाओरडा. आता कळतं की त्या वेळी बार्शीचा गेम सर्व्हर बार्शीतच होता.

बाहेरच्या जगाशी खेळायचं म्हणजे सिंगापूर नाही तर युरोप. इथं कंपनी कितीही चांगली असली तरी निसर्गाचा नियम आडवा येतो. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात दोनशे किलोमीटर. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३,९०० किलोमीटर. जाऊन-येऊन ३९ मिलिसेकंद तर नुसत्या प्रवासाला. मुंबई ते फ्रँकफर्ट साधारण ६,६०० किलोमीटर, म्हणजे किमान ६६. तार काही सरळ जात नाही, मध्ये थांबे लागतात, त्यामुळं प्रत्यक्षात आकडा बराच वाढतो. अमेरिका तर विचारूच नका. बार्शी ते मुंबई मात्र चारशे किलोमीटर धरा, जाऊन-येऊन चार मिलिसेकंद. कुठली कंपनी 'सुपरफास्ट' म्हणाली तरी पहिला प्रश्न हाच विचारायचा: यंत्र कुठल्या गावात आहे?

आणि हे गाव मुंबईच का, याचाही इतिहास आहे. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' या प्रचंड जहाजानं मुंबई ते एडन समुद्रातून तार टाकली. ती पुढं सुएझमार्गे इंग्लंडला जोडली गेली. तारायंत्राच्या त्या तारा गेल्या, काचेच्या आल्या, पण समुद्रातली वाट बरीचशी तीच राहिली आणि मुंबईचा किनारा देशाचं मोठं दार राहिला. त्या वाटेचा धोकाही तोच राहिला. ३० जानेवारी २००८ ला इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या आणि भारताची परदेशी इंटरनेटची जवळपास निम्मी क्षमता एका दिवसात गेली. कॉल सेंटरपासून नेट कॅफेपर्यंत सगळे हैराण. हजारो मैलांवर तार तुटली आणि काम आपलं थांबलं.

२००९ मध्ये उलटी लाट आली. तोवर खेळाडू आपले सर्व्हर आपण चालवत होते. स्वतःचे नियम, स्वतःचा पंच, दंगा करणाऱ्याला हाकलायची सोय. त्या वर्षी कॉल ऑफ ड्यूटी मॉडर्न वॉरफेअर २ येणार होता, आणि कंपनीनं जाहीर केलं की पीसीवर खेळाडूंना स्वतःचे सर्व्हर ठेवता येणार नाहीत, जोडणी आम्हीच करू. दीड लाखाहून जास्त खेळाडूंनी इंटरनेटवर निषेधाच्या सह्या केल्या. बहिष्काराची भाषा झाली. पण नोव्हेंबरात गेम आला आणि पहिल्याच दिवशी अमेरिका-ब्रिटनमध्ये मिळून ४७ लाख प्रती खपल्या. निषेध करणाऱ्यांतल्याही कित्येकांनी घेतला असणार. आपल्याकडच्या सह्यांच्या मोहिमा आठवल्या मला.

त्यानंतर मोठ्या गेमचे सर्व्हर कंपन्यांच्याच हातात गेले, आणि कंपन्यांनीही स्वतःची यंत्रं घ्यायची सोडून क्लाऊड भाड्यानं घ्यायला सुरुवात केली. क्लाऊड म्हणजे ढग नाही. कुणाच्या तरी मोठ्या गोदामात लावलेली यंत्रं, तासाच्या भाड्यानं. २०१५ च्या सप्टेंबरात मायक्रोसॉफ्टनं भारतात तीन ठिकाणी आपली केंद्रं सुरू केली, पुणे, मुंबई आणि चेन्नई. गंमत म्हणजे त्यांच्या नकाशावर पुण्याच्या केंद्राचं नाव 'सेंट्रल इंडिया' आहे. पुणेकरांना ते पटेलच. जून २०१६ मध्ये ॲमेझॉनचं मुंबई केंद्र आलं, २०१७ मध्ये गुगलचं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला. ऐरोली, महापे, रबाळे, पनवेल या पट्ट्यात डेटा सेंटरच्या इमारती उठल्या. आज बार्शीतलं पोरगं 'मुंबई सर्व्हर' म्हणतं तेव्हा ते बहुतेक वेळा या पट्ट्यातल्या एखाद्या बिनखिडकीच्या इमारतीबद्दल बोलत असतं.

मग आला पबजी. कट्ट्यावर, एसटी स्टँडवर, लग्नाच्या मांडवात, सगळीकडं माना खाली. आणि २ सप्टेंबर २०२० ला केंद्र सरकारनं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाईल होता. आपण सगळ्यांनी बातम्या केल्या, पोरं कशी रडली वगैरे. मीही केली. पण सरकारी पत्रकातलं एक वाक्य आपण नीट वाचलं नाही. वापरणाऱ्यांची माहिती भारताबाहेरच्या सर्व्हरवर चोरून पाठवली जाते अशा तक्रारी आल्याचं त्यात म्हटलं होतं. म्हणजे देशाच्या पातळीवर विचारलेला प्रश्न तोच होता, सर्व्हर कुठं आहे?

पुढं कोरियाच्या क्राफ्टन कंपनीनं २ जुलै २०२१ ला बीजीएमआय या नावानं तो खेळ परत आणला आणि माहिती भारतात आणि सिंगापुरात ठेवू असं सांगितलं. जुलै २०२२ मध्ये तोही दुकानातून काढला गेला. मे २०२३ मध्ये तीन महिन्यांच्या परीक्षेवर परवानगी मिळाली, आणि तेव्हाचे राज्यमंत्री राजीव चंद्रशेखर यांनी कारण दिलं ते सर्व्हरची जागा आणि माहितीची सुरक्षा या मुद्द्यांची पूर्तता झाल्याचं. एका खेळाच्या निमित्तानं सर्व्हरचा पत्ता परराष्ट्र धोरणाच्या जवळ जाऊन बसला.

आता या सगळ्यात माइनक्राफ्टचं वेगळेपण बघा. २००९ मध्ये स्वीडनच्या मार्कुस पेर्सननं तो लोकांसमोर आणला. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं ती कंपनी अडीच अब्ज डॉलरला घेतली. तरी एक गोष्ट टिकली. संगणकावरच्या मूळ आवृत्तीचा सर्व्हर प्रोग्राम कुणालाही फुकट उतरवून घेता येतो आणि आपल्या यंत्रावर चालवता येतो. जुन्या काळातली ती खेळाडूंची मोकळीक इथं राहिली. म्हणून त्याच्या होस्टिंगचा बाजारही मोठा आहे.

बाजार आला की मारामाऱ्या आल्या. अमेरिकेत कॉलेजच्या वयाच्या तीन पोरांनी २०१६ मध्ये मिराई नावाचा प्रोग्राम केला. घराघरांतले सीसीटीव्ही कॅमेरे, राउटर, ज्यांचा कारखान्यातून आलेला पासवर्ड कुणी बदललेलाच नव्हता, असे लाखो त्यांनी ताब्यात घेतले आणि त्यांच्याकडून एकाच वेळी एखाद्या सर्व्हरवर धडका मारायच्या. कशासाठी? माइनक्राफ्टचे मोठे सर्व्हर महिन्याला हजारो डॉलर कमवत होते. प्रतिस्पर्ध्याचा पाडला की गिऱ्हाईक दुसरीकडं जातं. ओव्हीएच या फ्रेंच होस्टिंग कंपनीवर त्यांनी अभूतपूर्व मारा केला. मग तो प्रोग्राम त्यांनी उघड करून टाकला, आणि २१ ऑक्टोबर २०१६ ला दुसऱ्या कुणी तरी तो वापरून डिन या कंपनीवर हल्ला केला. ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत काही तास बंद. लोकांना वाटलं परक्या देशाचं काम आहे. मुळात भांडण होतं खेळाच्या दुकानांचं. त्या तिघांनी २०१७ मध्ये गुन्हा कबूल केला.

त्याच ओव्हीएचची दुसरी गोष्ट. १० मार्च २०२१ च्या पहाटे फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथल्या त्यांच्या डेटा सेंटरला आग लागली आणि एक अख्खी पाच मजली इमारत जळून गेली. नेटक्राफ्टच्या मोजणीनुसार ३६ लाख वेबसाइट बंद पडल्या. रस्ट नावाच्या खेळाचे युरोपातले २५ सर्व्हर त्यात होते. खेळ चालवणाऱ्या कंपनीनं त्याच दिवशी सांगून टाकलं की ती माहिती परत मिळणार नाही. जगातली मोठी होस्टिंग कंपनी, चांगलं नाव, आणि तरीही राख. अनेकांची नक्कलप्रत होती, पण ती त्याच आवारात ठेवलेली होती. घराची दुसरी किल्ली घरातच ठेवल्यासारखं.

आग लागायलाच पाहिजे असंही नाही. ३१ मार्च २०२४ ला युबीसॉफ्ट कंपनीनं द क्रू या गाड्यांच्या खेळाचे सर्व्हर बंद केले. लोकांनी पैसे मोजून घेतलेला खेळ. एकट्यानं खेळायचा म्हटला तरी तो सर्व्हरला जोडल्याशिवाय चालायचा नाही. तबकडी कपाटात आहे, खेळ मेला. त्यातून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि तिच्या मागणीपत्रावर जुलै २०२५ मध्ये दहा लाखांच्या वर सह्या गेल्या. मागणी साधी आहे. बंद करायचा तर करा, पण लोकांना तो आपल्या पायावर चालवता येईल अशा अवस्थेत सोडा.

असं होऊ शकतं याचंही उदाहरण आहे. सिटी ऑफ हीरोज हा खेळ कंपनीनं २०१२ च्या नोव्हेंबरात बंद केला. खेळाडूंनी तो आपल्या सर्व्हरवर जिवंत केला, आणि जानेवारी २०२४ मध्ये मूळ कंपनीनं त्यांच्यातल्या एका गटाला रीतसर परवाना दिला. कंपनीनं सोडलेलं काम लोकांनी सांभाळलं.

तर पोरांना काय सांगितलं, ते लिहितो. कुणाला उपयोग झाला तर बरं.

पोरांना आधी वाटत होतं घरचाच लॅपटॉप सर्व्हर करू, फुकट. म्हणलं, लाईट जाते त्याचं काय? दुसरं म्हणजे आपल्याकडच्या बऱ्याच इंटरनेट जोडण्यांना स्वतःचा बाहेरचा पत्ता नसतो, शेकडो घरं एकाच पत्त्यामागं असतात. बाहेरच्या मित्राला आत यायला दारच सापडत नाही. म्हणून भाड्याचा घेणं आलं.

मग वहीतल्या पानावरच आम्ही खुणा केल्या. पहिली खूण, यंत्र मुंबईत आहे का. खेळणारे सगळे बार्शी, पुणे, सोलापूरचे, मग जर्मनीतला स्वस्त सर्व्हर घेऊन काय करता? दोन नावं तिथंच गळाली. दुसरी, कंपनी नुसता मेमरीचा आकडा सांगते की प्रोसेसर कुठला तेही सांगते. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला वीस वेळा सगळ्या जगाचा हिशोब करतो, आणि तो बहुतेक हिशोब प्रोसेसरच्या एकाच भागावर पडतो. दहा सावकाश मजुरांपेक्षा एक चपळ गडी इथं कामाचा. तिसरी, धडकांपासून संरक्षण आहे का. चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, आपलं पूर्ण जग एका फाईलमध्ये कधीही उतरवून घेता येतं का. एक कंपनी यावर सरळ उत्तर देईना. तिच्यावर फुली.

राहिल्या दोन. त्यांतली एक 'तीन वर्षांचे आत्ता भरा, निम्म्या दरात' म्हणत होती. ती सोडली. दर महिन्याला भरू, म्हणजे आवडलं नाही तर निघता येतं. खातं एकाच्या नावावर न ठेवता चौघांना उघडता येईल अशा वेगळ्या मेलवर काढलं. भरायची तारीख माझ्या आणि पुतण्याच्या आईच्या, दोन्ही कॅलेंडरवर लिहिली. कालनिर्णयवर, दुधाच्या हिशोबाच्या शेजारी. आणि दर रविवारी जग उतरवून दोन पेनड्राइव्हवर घ्यायचं, दोन वेगवेगळ्या घरांत ठेवायचं. स्ट्रासबर्गची गोष्ट ऐकल्यावर हे त्यांनीच सुचवलं.

हे सगळं करताना माझ्या लक्षात आलं की आम्ही साप्ताहिकवाल्यांनी यातलं एकही केलं नव्हतं. ग्रामपंचायतींच्या साइट, शाळांचे फोटो, वाचनालयाच्या याद्या, मंडळांची व्हिडिओ, यांचा सर्व्हर कुठं आहे, खातं कुणाच्या नावावर आहे, प्रत कुठं आहे, हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? ज्यानं काढून दिलं तो पोरगा आता पुण्यात नोकरीला असतो, एवढंच माहीत असतं. गावचं दप्तर पूर्वी तलाठ्याच्या पेटीत असायचं. पेटी जुनी होती, पण कुठं आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आता काम. पोरं स्टेशन परत बांधायला बसली आहेत. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरची ही अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ साली बार्शी ते कुर्डूवाडी धावायला लागली, आणि ब्रॉडगेज झाल्यावर जुन्या खुणा एकेक करून गेल्या. सांगणारे आजोबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. परवा पोरांना म्हणाले, "एकदा सांगितलं तेव्हा नीट आठवत होतं. आता टाकी डावीकडं होती की उजवीकडं, घोटाळा होतोय." पोरं गप्प बसली. मग एकानं मला विचारलं, "काका, कुणाकडं फोटो असतील का?"

तर मंडळी, तुमच्या घरात, जुन्या अल्बममध्ये, लग्नाच्या फोटोत मागं का होईना, छोट्या लाईनचं स्टेशन दिसत असेल तर मोबाईलवर फोटो काढून मला इनबॉक्समध्ये पाठवा. मूळ फोटो देऊ नका, तो तुमच्याच घरात राहू द्या. टाकी कुठल्या बाजूला होती हे नक्की आठवणारं कुणी असेल तर खाली लिहा. आजोबांना वाचून दाखवतो.